व्हेनिस, अर्धा दिवस

मराठी सहल कंपन्यांच्या युरोपच्या कार्यक्रमात व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो. सकाळी मुख्य भूमीवरच्या पादोव्हा किंवा मेस्त्रेच्या बाजूच्या हॉटेलातून नाश्ता करून निघायचं, त्रोंकेत्तोच्या धक्क्यावर बस सोडून बोटीत चढायचं, सान मार्कोचा चौक बघायचा, काच फुंकणाऱ्या कारागिराचं प्रात्यक्षिक बघायचं, मग पैसे भरलेल्यांसाठी गोंडोला, बाकीच्यांसाठी 'फ्री टाइम', आणि दुपार कलायच्या आत पुन्हा बोट. रात्रीचं जेवण फ्लोरेन्सच्या वाटेवर एखाद्या भारतीय हॉटेलात. आमचाही कार्यक्रम असाच होता. मे 2025, त्यातून शनिवार. मुलांना सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे धक्क्यावर "अगं, टोपी कुठाय तुझी?" आणि "आजोबांचा हात सोडू नकोस" हे निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्रुपमधून ऐकू येत होतं.

बोटीत चढण्याआधी आमच्या टूर मॅनेजरनं क्यूआर कोड तयार ठेवले. व्हेनिसमध्ये मुक्काम न करता नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात आत जायचं तर पाच युरो. 2025 पासून ऐनवेळी भरलं तर दहा. चौदा वर्षांखालच्या मुलांना माफ. शहरात मुक्काम करणाऱ्यांनाही माफ, कारण त्यांच्याकडून राहण्याच्या बिलातून वेगळा कर घेतला जातो. कोडशिवाय सापडलात तर 50 ते 300 युरो दंड. "म्हणजे गावात शिरायचं तिकीट?" आमच्या ग्रुपमधल्या सोलापूरच्या काकांनी विचारलं. टूर मॅनेजर म्हणाला, "हो काका, म्युझियमसारखं." तो सहज बोलून गेला, पण व्हेनिसच्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच.

मग आमचे दोन भाग झाले. 2024 मध्ये पालिकेनं नियम केला की मार्गदर्शकाबरोबर पंचवीसपेक्षा जास्त माणसं नकोत आणि कर्णे, लाउडस्पीकर तर मुळीच नकोत. आम्ही त्याहून जास्त होतो. म्हणून दोन मार्गदर्शक, दोन झेंडे आणि प्रत्येकाच्या कानात एक छोटं यंत्र. सगळे आपापल्या कानातलं ऐकत गर्दीतून पुढं सरकत होते. नियम चांगला आहे, गल्लीत आवाज नव्हता. गर्दी मात्र तेवढीच होती, फक्त मुकी.

सान मार्कोचा चौक सुंदर आहे हे मी नव्यानं सांगायला नको. बॅसिलिकाच्या कमानींवरचं सोनेरी मोझेइक, उंच घंटाघर, शेजारी दोजचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या शासकाचा राजवाडा, आणि उन्हात चमकणारं पाणी. पण उभं राहून बघायला जागा शोधावी लागते. बसायला तर नाहीच. चौकात जमिनीवर बसून खाणं हा दंडनीय अपराध आहे, आणि टूर मॅनेजरनं बसमध्येच बजावलं होतं, "डबे इथंच संपवा. तिथं ठेपला काढलात तर मी तुम्हाला ओळखत नाही." सगळे हसले, पण तो गमतीनं बोलत नव्हता. 2019 च्या जुलैमध्ये दोन जर्मन पर्यटकांनी रिआल्तो पुलाच्या पायथ्याशी स्वतःच्या छोट्या स्टोव्हवर कॉफी केली, तर त्यांना 950 युरो दंड होऊन शहराबाहेर जायला सांगितलं गेलं. कबुतरांना दाणे टाकायलाही 2008 पासून बंदी आहे.

गोंडोलाचं सरकारी भाडं दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. एका होडीत जास्तीत जास्त पाचजण. पूर्वी सहाजण बसत, 2020 मध्ये एक कमी केला. पर्यटकांची वजनं वाढली आहेत, असं गोंडोलावाल्यांच्या संघटनेनंच तेव्हा सांगितलं होतं. आमच्या ग्रुपमध्ये ही माहिती ऐकल्यावर कोण कोणाबरोबर बसणार यावर बरीच खलबतं झाली. अरुंद कालव्यात होड्या एकामागे एक अडकल्या होत्या, दादर पुलाखाली अडकावं तशा, आणि वरच्या पुलावरून तेवढेच लोक आमचे फोटो काढत होते. तरी खोटं कशाला बोलू, मजा आली. वल्ह्याच्या एका हलक्या वळशानं होडी भिंतीला न घासता कोपरा वळते तेव्हा त्या माणसाच्या कसबाला दाद द्यावीशी वाटते.

अडीच वाजता आम्ही परतीच्या बोटीत होतो. सोलापूरच्या काकूंनी विचारलं, "इथं माणसं राहतात का हो?" मार्गदर्शकबाई तोवर निघून गेल्या होत्या. टूर मॅनेजरला पुढच्या बसची घाई होती. प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर मला मिळालं ते सहल संपल्यावर. ग्रुप विमानानं मुंबईला गेला आणि मी पादोव्हाला भाचीकडे थांबले. ती तिथल्या विद्यापीठात शिकते. 1222 साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ. गॅलिलिओनं तिथं शिकवलं. पादोव्हाहून व्हेनिस लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. भाची म्हणाली, "मावशी, दुपारी कशाला गेलात? संध्याकाळी जाऊ. चारनंतर तिकीटही नाही."

गाडी मेस्त्रे सोडते आणि खाडीवरच्या लांब पुलावर चढण्याआधी एका बाजूला मार्गेराची औद्योगिक वसाहत दिसते. क्रेन, टाक्या, आणि गोदीत अर्धवट बांधलेलं एक अजस्र जहाज, दहा-बारा मजल्यांच्या इमारतीएवढं. फिनकांतिएरी या इटालियन कंपनीची ही गोदी. इथं क्रूझ जहाजं बांधली जातात. म्हणजे ज्या जहाजांविरुद्ध व्हेनिसकरांनी वर्षानुवर्षं 'मोठी जहाजं नकोत' असे फलक खिडक्यांना टांगले, त्यांतली काही व्हेनिसच्याच पालिकेच्या हद्दीत जन्मतात. 2 जून 2019 रोजी 'एमएससी ऑपेरा' हे क्रूझ जहाज जुदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आणि तिथं उभ्या असलेल्या एका प्रवासी बोटीवर आदळलं. काही माणसं जखमी झाली. तरीही बंदी यायला आणखी दोन वर्षं लागली. 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांवरची जहाजं सान मार्कोसमोरून जाऊ शकत नाहीत. जहाजं थांबली मात्र नाहीत. त्यांतली काही आता मार्गेराला लागतात आणि माणसं तिथून बसनं येतात.

संध्याकाळचं व्हेनिस वेगळंच होतं. साडेसहानंतर धक्क्यावरच्या बोटी भरभरून परत जात होत्या आणि आम्ही उलट्या दिशेनं चाललो होतो. 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को' अशा पिवळ्या पाट्या भिंतीभिंतीवर आहेत. भाचीनं नियम केला होता की पाटी दिसली की उलटं वळायचं. दहा मिनिटांत आम्ही अशा गल्लीत पोचलो जिथं आमच्या पावलांशिवाय आवाज नव्हता. दोरीवर कपडे वाळत होते. एका खिडकीतून टीव्हीवरच्या बातम्या. पण वर बघत चालायला लागल्यावर लक्षात आलं की दर चार-पाच खिडक्यांमागे एकीतच दिवा आहे. दारावरच्या घंट्यांच्या पट्टीवर आडनावं थोडी आणि आकडेच जास्त, नाहीतर कुठल्याशा भाड्याच्या घराचं गोंडस नाव.

रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एक औषधांचं दुकान आहे. त्याच्या काचेत लाल आकड्यांचा छोटा फलक लावलेला असतो. तो व्हेनिसच्या बेटांवरच्या जुन्या शहराची लोकसंख्या दाखवतो. 2008 मध्ये तो लावला तेव्हा आकडा 60,000 च्या वर होता. 2009 मध्ये तो त्याखाली उतरला आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी गोंडोलातून एक शवपेटी काढून व्हेनिसची प्रेतयात्रा काढली. 1951 साली याच शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 मध्ये आकडा 50,000 च्या खाली गेला. दुसऱ्या एका चौकात एका पुस्तकांच्या दुकानानं 2023 मध्ये तसाच फलक लावला, पण तो पर्यटकांसाठीच्या खाटा मोजतो. त्याच वर्षी खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. शहरातला प्रत्येक माणूस झोपला तरी त्याहून जास्त उशा पाहुण्यांसाठी तयार आहेत.

आम्ही एका छोट्या हॉटेलात जेवलो. वाढणारा मुलगा बांगलादेशी होता. आमची मराठी ऐकून त्यानं हिंदीत विचारलं, "दीदी, मुंबईहून?" मेस्त्रेत बांगलादेशी वस्ती मोठी आहे. कुणी मार्गेराच्या गोदीत वेल्डिंग करतं, कुणी व्हेनिसच्या हॉटेलांच्या भटारखान्यात. तो म्हणाला, "इथं राहायचं? इथल्या एका खोलीचा आठवड्याचा भाव म्हणजे माझा महिना. सगळं शहर दिवसा इथं काम करतं आणि रात्री पूल ओलांडून जातं. मालकसुद्धा." मालक काउंटरवर होता. भाचीनं त्याला इटालियनमध्ये विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि सांगितलं की त्याच्या आजीचं घर या गल्लीतच आहे, आता भाड्यानं दिलं जातं, पाहुण्यांना. तो मेस्त्रेत राहतो. गल्लीत राहिला असता तर हॉटेलापेक्षा घराचं उत्पन्न जास्त आहे हे रोज आठवलं असतं, असंही तो म्हणाला.

त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. पर्यटनाचा ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकातली गर्दी येते, आणि गर्दी म्हणजे आम्ही: झेंड्यामागचे, डबेवाले, अर्ध्या दिवसाचे. वर्तमानपत्रांत फोटो आमचेच छापतात. पण त्या दुपारी आम्ही कुणाचं घर घेतलं नव्हतं. आम्ही रस्ता अडवला, शौचालयांपुढे रांगा लावल्या, काचेचे मणी घेतले आणि निघालो. शहर रिकामं होतं ते रात्रीच्या हिशेबानं. नोकरदार कुटुंबाला वर्षभराच्या करारानं घर देण्यापेक्षा तीन-तीन रात्रींच्या पाहुण्यांना देण्यात पैसा अधिक असेल तर घरमालक काय करणार, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजवायला नको. घरं गेली की विद्यार्थी कमी होतात, शाळेचे वर्ग बंद होतात, रिआल्तोच्या बाजारातले मासेवाले आणि भाजीवाले एकेक करून गाशा गुंडाळतात, आणि तिथं मुखवट्यांचं दुकान येतं. मुखवट्यांच्या दुकानात टोमॅटो मिळत नाहीत, म्हणून आणखी एक कुटुंब पुलापलीकडे जातं.

या गळतीचं सगळं पाप पर्यटनाच्या माथी मारणंही बरोबर नाही. 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात पाणी नेहमीच्या पातळीच्या वर 194 सेंटीमीटर चढलं आणि तळमजल्यांवर राहणारी हजारो कुटुंबं उठली. मेस्त्रेत कोरडी, लिफ्टची, गाडी दारात लावता येणारी घरं मिळत होती. मार्गेराच्या कारखान्यांत नोकऱ्या होत्या, आणि तेच कारखाने जमिनीखालचं पाणी उपसत असल्यानं शहर आणखी खचत होतं. तो उपसा 1970 च्या दशकात आवरला. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी पुन्हा 187 सेंटीमीटरवर गेलं. आता खाडीच्या तोंडांशी 'मोसे' नावाचे पिवळे, पाण्याखालून उठणारे दरवाजे आहेत. 3 ऑक्टोबर 2020 ला खऱ्या भरतीत ते पहिल्यांदा उभे राहिले आणि सान मार्को कोरडा राहिला. अब्जावधी युरो आणि लाचखोरीचं एक मोठं प्रकरण पोटात घालून का होईना, पाणी अडवता आलं.

खाटा अडवायला समुद्राइतकं तंत्रज्ञान लागत नाही. 2022 मध्ये इटलीच्या संसदेनं खास व्हेनिससाठी तरतूद केली की पालिकेला वाटलं तर अशा अल्पमुदतीच्या भाड्यांवर मर्यादा घालता येईल. पालिकेनं ती वापरायची घाई केली नाही. त्यापेक्षा तिकीट लावणं सोपं. 2024 च्या पहिल्या 29 दिवसांत जवळजवळ 4 लाख 85 हजार लोकांनी शुल्क भरलं, सुमारे 24 लाख युरो जमले. पुढच्या वर्षी दिवस वाढवून 54 केले. पण या शुल्काला कमाल संख्येची अट नाही. पैसे भरा आणि या, कितीही या. आपल्याकडे कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. फुलांच्या बाबतीत आपल्या वनखात्याला जे सुचलं ते व्हेनिसला सुचू नये असं नाही. सुचलं आहे, फक्त परवडत नाही.

परवडत नाही हे खरंच. 2020 च्या टाळेबंदीत व्हेनिसचे कालवे नितळ झाले आणि त्यात डॉल्फिन आल्याचा व्हिडिओ आपल्याही व्हॉट्सअॅपवर फिरला. तो व्हिडिओ सार्डिनियातला होता. व्हेनिसमध्ये डॉल्फिन नव्हते, पगारही नव्हते. गोंडोलावाले घरी बसले, हॉटेलांनी माणसं काढली, सगळ्यात आधी त्या बांगलादेशी मुलासारखी. ज्या शहरानं बाकीचे धंदे एकेक करून सोडले, त्याला पाहुणे नकोत असं म्हणायची सोय राहत नाही.

आणि हे फक्त व्हेनिसचं नाही. 1950 साली जगात सीमा ओलांडून फिरायला जाणारे सुमारे अडीच कोटी होते. 2019 मध्ये ते 146 कोटींच्या आसपास गेले. करोनानंतर आकडा पुन्हा जवळपास तिथंच आला आहे. त्यात आपलाही वाटा आहे आणि असायलाच हवा. शंभर-दीडशे वर्षं युरोपियन माणूस ताजमहाल बघत आला. सोलापूरच्या काकांनी आयुष्यभर साठवून सान मार्को बघायला जाऊ नये असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. गर्दीवरचा राग पुष्कळदा नव्यानं आलेल्यांवरचाच राग असतो. बार्सिलोनानं निदान दुखण्याची जागा ओळखली आहे. 2024 मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या दहा हजारांवर घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचे, नूतनीकरण नाही. घरमालक विरोधात उभे आहेत. जमेल की नाही ते दिसेलच, पण तिथं गर्दीला सोडून खाटांना हात घातला आहे.

आम्ही शेवटच्या गाडीआधीची गाडी पकडली. डब्यात आमच्यासोबत भटारखान्यातली, सफाईची, दुकानांतली माणसं होती. थकलेली, बहुतेक मोबाईलवर, बांगलापासून रोमानियनपर्यंत भाषा. पर्यटक आम्ही दोघीच. मेस्त्रेला डबा निम्म्याहून जास्त रिकामा झाला.

भाचीला मी विचारलं, की मग पुढच्या वेळी आपल्या लोकांना काय सांगायचं, जा की जाऊ नका? ती म्हणाली, "जा, पण रात्री राहा. आणि कुणाच्या घरात नको." मलाही तेच पटतं. व्हेनिसमध्ये शेकडो हॉटेलं आहेत, जुन्या इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली साधी गेस्ट हाऊसेसही आहेत. ती महाग आहेत, त्यात वाद नाही. पण हॉटेलची खोली ही हॉटेलचीच असते, ती कुणा शिक्षिकेच्या किंवा कोळ्याच्या कुटुंबाची होऊ शकली असती असं नसतं. घरच घ्यायचं असेल तर निदान कागद बघा: 1 जानेवारी 2025 पासून इटलीत अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे, तो जाहिरातीतही द्यावा लागतो आणि दारावरही. नंबर नसेल तर घेऊ नका. मेस्त्रेत राहून दोन संध्याकाळी गाडीनं जाणं हाही वाईट मार्ग नाही. उशिरा गेलात तर चौकात उभं राहायला जागा मिळते.

सहल कंपन्यांनाही एक विनंती. दहा दिवसांत सात देश दाखवण्याची चढाओढ आहे ती ग्राहक मागतो म्हणून, असं तुम्ही म्हणता. ग्राहक मागतो कारण पत्रकात तेच छापलेलं असतं. एखादा कार्यक्रम असा छापून बघा ज्यात देश दोन कमी आहेत आणि व्हेनिसला दोन रात्री आहेत, मे महिन्याऐवजी नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत. थंडी असते, धुकं असतं, ज्येष्ठांना लोकरीचे मोजे लागतील. किंमत थोडी वाढेल. आणि वाचकहो, पुढच्या मे महिन्याची बुकिंग दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात; काउंटरवर बसल्यावर "व्हेनिसमध्ये रात्री किती?" हा प्रश्न तेवढा विचारा. शून्य म्हणाले, तर दुसरा कार्यक्रम मागा.